लॅबच्या मावशींना विचारा : चिंचोका पुढ्यातच का आदळतो?

मागच्या अंकात शेवटी जागा उरली म्हणून सहा ओळी लिहिल्या होत्या. नातीच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून आम्ही दोघींनी कॅटापल्ट, म्हणजे दांडीने वस्तू भिरकावणारं यंत्र, जुळवलं आणि अंगणातल्या दिवाळीच्या किल्ल्यावर चिंचोक्यांचा मारा केला, एवढंच. त्या सहा ओळींवर जेवढी पत्रं आली, तेवढी वर्षभर खपून लिहिलेल्या चुंबकांच्या लेखावर आली नव्हती. त्यामुळे हा महिना फक्त कॅटापल्टचा.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी शिक्षिका नव्हे. एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं सहायक होते. परीक्षानळ्या धुणं, स्प्रिंगा मोजून परत घेणं आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलांचे मोडलेले प्रयोग उभे करणं, हे माझं काम. मुलं लॅबच्या मावशी म्हणायची, तेच नाव सदराला चिकटलं. आमच्या कॅटापल्टचं नाव नातीने ‘फेक्या’ ठेवलंय, मीही तेच वापरते.

*

नमस्कार मावशी. मुलगा सातवीत आहे. तुमचं वाचून त्याने ठोकळ्यांचं कॅटापल्ट केलं, रबर बँड लावला. पण चिंचोका वीतभर पुढे जाऊन जमिनीवर आपटतो. रबर दुहेरी केलं तरी तेवढ्यावरच, फक्त आवाज मोठा येतो. त्याचे बाबा म्हणतात, तिहेरी करू. करू का?
– एक आई, चिंचवड

नका करू. रबराची काही चूक नाही. तुमची दांडी फार पुढे जाऊन थांबतेय.

धार लावणारा दारात येतो तेव्हा मुलाला त्याच्या चाकाजवळ उभं करा, लांबूनच. ठिणग्या चाकाच्या मधून बाहेर, सायकलच्या तारांसारख्या उडत नाहीत. कडेवर जिथून सुटल्या तिथून सरळ, चाकाला घासून निघतात. फेक्याचंही तसंच. चिंचोका दांडीचं टोक जिकडे दिसतं तिकडे जात नाही, दांडीला काटकोन करून जातो. आणि तो सुटतो कधी? दांडीला अडसर लागून ती थांबते तेव्हा. दांडी थांबते, चिंचोक्याला कोणी थांबवलेलं नसतं, तो आपल्या वेगाने पुढे निघतो. नववीच्या पुस्तकातलं जडत्व ते हेच.

आता दांडी अगदी उभी असताना थांबली, तर चिंचोका आडवा निघेल. उभ्या रेषेच्या पुढे झुकून थांबली, तर निघतानाच त्याचं तोंड जमिनीकडे असेल. मग रबर दुहेरी करा नाहीतर चौपदरी, तो जास्त जोरात जमिनीकडेच जाणार. वाढलेला आवाज म्हणजे तुमच्या दुसऱ्या रबराची कमाई. चिंचोका वर ४५ अंशांत जायला हवा असेल, तर दांडी उभी होण्याच्या ४५ अंश आधी, मागे झुकलेली असतानाच अडली पाहिजे. हे मुलांना पटत नाही. मोठ्यांना तर त्याहून नाही. सगळ्यांना वाटतं, दांडीने पुढे बोट दाखवलं की चिंचोका पुढे जाईल.

आमचे आकडे देते. दांडी १५ भोकांची, म्हणजे १२ सेंमी. टोकाला बाटलीचं झाकण. आस, म्हणजे दांडी जिच्याभोवती फिरते ती काडी, जमिनीपासून ६ सेंमीवर. अडसर म्हणजे आडवी घातलेली एक काडी, ती मागेपुढे सरकवता येते. रबर तेच, ताण तोच. प्रत्येक जागेला दहा फेकी, पहिल्या दोन सोडून द्यायच्या, उरलेल्या आठांची सरासरी. अंतर आसेच्या खालून मोजलेलं. दांडी उभ्या रेषेच्या ३० अंश पुढे थांबली तेव्हा चिंचोका साधारण २५ सेंमीवर पडला. उभी थांबली तेव्हा ५८ सेंमीवर. ४५ अंश मागे असताना थांबवली तेव्हा ९६ सेंमीवर. आणि लक्षात घ्या, शेवटच्या खेपेला दांडीला फिरायला कमी जागा मिळाली, म्हणजे रबराला ओढायला कमी वाव मिळाला. तरी फेक सगळ्यात लांब.

या ५८ सेंमीतून एक गंमत निघते, ती मुलाकडूनच करून घ्या. चिंचोका आडवा निघाला, १६ सेंमी उंचीवरून (आस ६ सेंमीवर, झाकण तिच्या वर १० सेंमी). आडवा निघो की नुसता हातातून सुटो, खाली यायला वेळ तेवढाच लागतो. १६ सेंमी पडायला ०.१८ सेकंद (०.१६ मीटरची दुप्पट भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ). त्या वेळात ५८ सेंमी गेला, म्हणजे वेग सेकंदाला ३.२ मीटर. ताशी साडेअकरा किलोमीटर, गल्लीतून सायकल रमतगमत चालवावी तेवढा. ना रडार लागला, ना मोबाइलचा स्लो मोशन. पट्टी आणि एक वर्गमूळ. नातीने हा वेग काढला त्या दिवशी तिने फेक्याला स्पीडोमीटरचं स्टिकर लावलं.

चिंचोका नेमका कुठे पडला हे कळायला ताटात रांगोळी पसरून ठेवा. खड्डा दिसतो. लॅबमध्ये आम्ही कोऱ्या कागदावर कार्बन पेपर उपडा ठेवायचो, लोखंडी गोळी पडली की खाली काळा ठिपका. चिंचोका हलका, त्याला रांगोळीच बरी.

४५ अंशांबद्दल एक सूचना. इटलीतल्या तार्तालियाने १५३७ साली तोफांसाठी ४५ सांगितले, पुढे गॅलिलिओने १६३८ साली त्याची सिद्धता छापली. ते सपाट जमिनीवरचं गणित. यंत्र पाऊण मीटर उंचीच्या टेबलावर असेल आणि वेग आमच्याइतका असेल, तर सगळ्यात लांब फेक साधारण ३३ अंशांना मिळते. मुलगा टेबलावर खेळत असेल तर ४५ला अडकून बसू देऊ नका.

आणि डोळे सांभाळा. चष्मा घाला, यंत्राच्या समोर कोणी बसायचं नाही, खडे आणि गोट्या अजिबात नाहीत. हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका प्रदर्शनात माझ्याच हातून अडसराचा ठोकळा सैल राहिला होता. तिसऱ्या फेकीला तो निखळला, दांडी सुसाट पुढे गेली आणि लोखंडी गोळीने बक्षिसांच्या कपाटाची काच फोडली. मुलाचं नाव पुढे येऊ नये म्हणून काचेचे पैसे मी भरले. गोळी तेव्हापासून बंद, चिंचोका सुरू.

*

मावशी, मी नववीत आहे. माझं कॅटापल्ट रबराचं नाही, वजनाचं आहे. आखूड बाजू ४ सेंमी, लांब बाजू १६ सेंमी. आखूड बाजूला १०० ग्रॅम वजन. ठोकळा सुटेपर्यंत वजन ५.५ सेंमी खाली येतं. फेकायचा ठोकळा २.३ ग्रॅम. यंत्राच्या समोर पुस्तकांची रास ठेवून, ठोकळा ज्या उंचीवरून सुटतो त्याच उंचीवर पाडला. सूत्राने ४.७८ मीटर यायला हवं. आलं १ मीटर. घरी सगळे म्हणतात गणित चुकलं. मी चार वेळा तपासलं.
– एक विद्यार्थिनी, चिपळूण

बाळ, गणित चुकलेलं नाही. आधी पुस्तकांच्या राशीबद्दल शाबासकी. सुटण्याची आणि पडण्याची उंची एक ठेवायची, हे मोठ्यामोठ्यांना सुचत नाही.

इतरांसाठी तिचं सूत्र सांगते. वजन खाली आलं, त्याची स्थितिज ऊर्जा गेली. ती सगळी ठोकळ्याला गतिज ऊर्जा म्हणून मिळाली असं धरलं आणि ठोकळा ४५ अंशांत निघाला, तर अंतर म्हणजे दोन गुणिले वजन गुणिले वजनाची उतरंड, भागिले ठोकळ्याचं वजन. दोन गुणिले १०० गुणिले ५.५, भागिले २.३. उत्तर ४७८ सेंमी. बरोबर आहे.

चूक ‘सगळी’ या शब्दात आहे. चल, हिशेब मांडू. तुझा ठोकळा १ मीटर गेला, म्हणजे तो सेकंदाला ३.१३ मीटरने निघाला. तुझी दांडी १६ आणि ४ सेंमीची, चौपट. म्हणजे त्याच क्षणी वजन त्याच्या चौथाई वेगाने, सेकंदाला ०.७८ मीटरने खाली चाललंय. हळू आहे, पण १०० ग्रॅम आहे! दोघांची गतिज ऊर्जा काढ. एकूण ऊर्जा एक रुपया धरली तर ठोकळ्याला मिळाले २१ पैसे. वजनाने स्वतःकडेच ठेवले ५७. उरलेले २२ पैसे ठोकळा वर उचलण्यात, दांडी फिरवण्यात, आसेच्या घर्षणात, सांगाडा हलवण्यात आणि ‘टक्’ आवाजात गेले.

निम्म्याहून जास्त पैसे ज्याने दिले त्याच्याच खिशात राहिले. दांडी अडते, वजन हिसका देऊन थांबतं, आणि ते ५७ पैसे वाया.

आता आजीआजोबांकडे जाऊन गोफण म्हणजे काय ते विचार. दांडीच्या टोकाला झाकण लावण्याऐवजी छोटी गोफण, म्हणजे दोन दोऱ्यांमधली कापडी खोळ, बांध, लांब बाजूएवढ्याच लांबीची. एक दोरी टोकाला पक्की, दुसरीचा फासा एका गुळगुळीत काडीवर नुसता अडकवलेला. दांडी फिरते, गोफण मागून येऊन तिच्यापुढे झेपावते, फासा काडीवरून निसटतो आणि ठोकळा सुटतो. नीट जुळलं तर त्या क्षणी दांडी जवळजवळ थबकलेली दिसते, वजनही. म्हणजे वजनाच्या खिशातले पैसे ठोकळ्याकडे गेले. दांडी लांब केल्याचा फायदा मिळतो आणि लांब दांडीचं ओझं येत नाही. तुझा एक मीटर किती होतो ते मी सांगणार नाही. तू मोजून कळव. काडी किंचित वाकवली की सुटण्याचा क्षण बदलतो, एका वेळी थोडीच वाकव. पहिल्या काही फेकी मागे किंवा सरळ छताकडे जातील, आमच्याही गेल्या होत्या.

वजनाचा एक सोपा उपाय : दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. १३ नाणी म्हणजे १०० ग्रॅम, जवळपास बिनचूक. तराजू नको.

तुझ्या सूत्रात अजून एक गोष्ट लपलीय, ती परीक्षकांना सांग. त्यात गुरुत्वाकर्षण कुठेच नाही. कापलं गेलं. वजन खाली खेचणारं तेच आणि ठोकळा खाली आणणारंही तेच. म्हणून तुझं यंत्र चंद्रावर नेलंस तरी या सूत्राने ठोकळा तेवढाच लांब पडेल, फक्त सावकाश. चिंचवडच्या मुलाचं रबराचं यंत्र नेलं तर ते सहापट लांब फेकेल, कारण रबराला गुरुत्वाकर्षणाशी देणंघेणं नाही. रबराचं की वजनाचं, असं तीन पत्रांत विचारलंय. घरात रबर सोपं. पण रबर म्हातारं होतं, ताणून ठेवलं तर आजची फेक उद्या येत नाही. वजन बेइमानी करत नाही. मोजायचं असेल तर वजन घ्या.

जुन्या लढायांत वजनाची किंवा माणसांनी दोर ओढून चालवायची अशी अजस्र यंत्रं असत. फारसी ग्रंथांत त्यांना मंजनीक म्हटलंय. त्यातली एक गोष्ट आपल्याकडची आहे. अलाउद्दीन खलजी १२९६ साली देवगिरीची लूट घेऊन गेला, आणि काकाला, म्हणजे दिल्लीच्या सुलतानालाच मारून गंगाकाठच्या कडा गावाहून दिल्लीकडे निघाला. इतिहासकार बरनी लिहितो, की वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी तंबूसमोर एक हलकी मंजनीक उभी करायचे आणि तिने पाच मण सोन्याचे तारे लोकांत उधळायचे. सोनं यादवांचं, यंत्र खलजीचं. किल्ल्याची भिंत फोडायला नाही, माणसं फोडायला. देवगिरीच्या सहलीला नेलेल्या मुलांना मी हे सांगायची तेव्हा पहिला प्रश्न यायचा, तारे लागून कोणी जखमी झालं नाही का? बरनीने ते लिहिलेलं नाही.

*

याला महागडा परदेशी ठोकळ्यांचाच संच लागतो का? मुलगी हट्ट करतेय.
– एक वडील, ठाणे

नाही. भोकांच्या पट्ट्या, आस म्हणून काड्या आणि सांधायच्या खुंट्या एवढं हवं. ते कुठल्याही संचातले चालतील, फक्त एकमेकांत घट्ट बसले पाहिजेत. दुकानातच दोन ठोकळे जोडून एकाला धरून हलवून बघा. सैल असतील तर घेऊ नका, घट्ट बसण्यातच त्यांची किंमत आहे. डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या लेगोने ज्या ठोकळ्याचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८ला केला, तो ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. मापं पाठच करा : टिकलीपासून टिकली ८ मिलिमीटर (वरच्या गोल उंचवट्यांना नात टिकल्या म्हणते), ठोकळ्याची उंची ९.६, चपट्या पट्टीची ३.२. पुढच्या उत्तरात लागतील.

आणि आइसक्रीमच्या काड्यांनीही हे सगळं होतं. ठोकळ्यांचा फायदा एकच, अडसर एक भोक मागे घ्यायला डिंक वाळायची वाट बघावी लागत नाही.

*

खांब डुलतात. प्रत्येक फेकीला सांगाडा पुढे झुकतो, दहाव्या फेकीला सुटा होतो. ठोकळे जास्त लावले तरी तेच.
– सहावीतला वाचक, सोलापूर

चौकोन करून बसलास ना? चौकोन दाबला की कलतो. त्रिकोण कलत नाही. खांबाला तिरका टेकू दे. तीन-चार-पाचचा त्रिकोण घे, काटकोन आपोआप येतो. पण भोकं मोजू नकोस, अंतरं मोज. तीन अंतरं म्हणजे चार भोकं, चार म्हणजे पाच, पाच म्हणजे सहा. माझा पहिला त्रिकोण याच चुकीने बसला नव्हता आणि मी ठोकळ्यांना नावं ठेवली होती.

उभ्यात भोकांचे ठोकळे एकावर एक नुसते रचलेस तर भोकांमधलं अंतर ९.६ येतं आणि उभी पट्टी बसत नाही. मध्ये दोन चपट्या पट्ट्या घाल. ९.६ अधिक दोनदा ३.२, झाले १६. म्हणजे बरोबर दोन अंतरं. आता उभी पट्टी खुंटीने ठोक, दहाच काय शंभर फेकींना सुटणार नाही. टिकल्यांची पकड हळू ओढ सोसते, हिसका सोसत नाही. हिसका खुंटीने घ्यायचा.

आस दोन्ही बाजूंनी आवळू नकोस, कागद सरकेल एवढी फट ठेव. तेल घालू नकोस, धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिसाची पूड पुरते.

*

आम्ही लहानपणी माळ्यावर उभं राहून ज्वारी राखली. गोफणीने पाखरं उठवली. हे सगळं विज्ञान तिच्यात होतं, त्याला प्लास्टिकचं खेळणं कशाला? नातवाला गोफणच देऊ का?
– एक आजोबा, मंगळवेढा

द्या ना, मोकळ्या रानात आणि तुम्ही शेजारी उभे राहून. बोळा कापडाचा. तुमचं म्हणणं मला मान्यच आहे, वर चिपळूणच्या मुलीला मी तुमच्याकडेच पाठवलंय. गोफणीच्या एका दोरीचा फासा बोटात, दुसरी चिमटीत. चिमूट सोडली की गोटा वर्तुळाला घासून सरळ निघतो, धारवाल्याच्या ठिणगीसारखा. चिंचवडच्या चिंचोक्याचं कोडं तुम्ही दहाव्या वर्षीच सोडवलं होतं.

पण आजोबा, तुम्ही ते हाताने सोडवलंत. चिमूट केव्हा सुटली ते तुमच्या हाताला ठाऊक, तुम्हालाही सांगता येणार नाही. फेक्याची दांडी कुठे अडली ते नात भोक मोजून सांगते, उद्या पुन्हा तिथेच अडवते, परवा एक भोक मागे घेते. ठोकळे मला एवढ्यासाठीच आवडतात. नाहीतर पाच मण सोन्याएवढी किंमत मी तुमच्या गोफणीला देईन.

म्हणून या वेळी प्रश्न मीच तुम्हाला विचारते. गोटा लांब घालवायचा असेल तेव्हा तुम्ही चिमूट कधी सोडायचात? गोफण कानामागे असताना, डोक्यावर असताना की समोर आल्यावर? नातवाला बाजूला उभं करून त्याच्याकडून मोबाइलवर सावकाश गतीत चित्रण करून घ्या, आणि मला कळवा. आमच्या घरी यावर पैज लागलीय. नात म्हणते डोक्यावर, मी म्हणते जरा आधी.